उपली बुरजावरची शिवबाई

आमच्या आणि शिवबाईच्या घरात एकच भिंत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या भिंती जाड असतात म्हणतात, असतील. भांडण मात्र सगळ्या भिंतींतून पलीकडे येतं. त्या दिवशी दुपारी मी ज्वारी पाखडत बसले होते आणि पलीकडून शिवबाईच्या नवऱ्याचा, वीरभद्रप्पांचा आवाज आला. तसा तो रोजच यायचा. सुताच्या दुकानात तीस वर्षं हमालांवर ओरडून घसा तयार झालेला. सोमवारच्या भजनाला पेटीवाला नसला तरी चालायचं, वीरभद्रप्पा लागायचेच, असा तो आवाज. त्यांच्या घरात कानडी आणि मराठी एका ताटात जेवायच्या. राग आला की कानडी, राग डोक्यात गेला की मराठी. त्या दिवशी सगळं मराठीत चाललं होतं.

"धनगराच्या घरात? माझी लेक धनगराच्या घरात?"

भिंतीच्या अलीकडे मी धनगराचीच बसले होते, सूप हातात धरून. वेळापूरकडची माझ्या माहेरची माणसं अजून मेंढरं राखतात. माझ्या हातचं ताक पिऊन वीरभद्रप्पांनी किती उन्हाळे ढेकर दिले असतील. पण ताकाला जात नसते, लेकीला असते.

आणि यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते. ज्या पोराबरोबर त्यांची एकुलती एक दानेश्वरी त्या सकाळी निघून गेली, तो मायाप्पा माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. माझ्याच घरी राहून गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला शिकला. बॅटरीबरोबर आणखी काय शिकतोय ते मला दिसत होतं. मी बघितलं नाही. दोघांनी कचेरीत लग्न लावलं आणि विजापूरची गाडी धरली.

पलीकडे शिवबाई हळू आवाजात म्हणत होती, "गेली ती गेली. लेकरू हाय की. चार दिवसांनी जाऊन घेऊन येऊ."

"तू आणशील, मला ठाव हाय. म्हणून सांगतो. लिंगावर हात ठेव."

त्यांच्यात लहानपणी गळ्यात लिंग बांधतात ते माती देईपर्यंत अंगावरून उतरत नाही. शिवबाईचं चांदीच्या चौकटीत होतं, रोज पहाटे पूजा करून पुन्हा छातीशी. त्यावर हात ठेवून बोललेलं म्हणजे झालंच.

"तिला हाक मारलीस, तिच्याशी एक शब्द बोललीस, तिचा उंबरा चढलीस, तर माझं मेलेलं तोंड बघशील. घेतली म्हण."

"घेतली," शिवबाई म्हणाली.

शपथ घेणं सोपं असतं. सुटणं ज्यानं घातली त्याच्या हातात. पोराटोरांच्या खेळातसुद्धा तसंच असतं की, ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, तोपर्यंत दुसरं पोर तसंच ताटकळत उभं. संध्याकाळी मी मान खाली घालून त्यांच्या दारात गेले. म्हटलं आता माझं तोंडही बघायची नाही. ती चुलीपुढं शेंगदाणे भाजत होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "केरा, तुझ्या भाच्यानं माझी लेक नेली. आता च्या तरी ठेव."

मी चहा ठेवला. ती म्हणाली, "राग उतरला की म्हणतील सुटली. आठ दिवस लागतील."

त्या आठ दिवसांना पुढं अठरा वर्षं लागली.

*

शिवबाई शेंगाचटणी कुटायची. मिक्सरवर नाही, उखळात. लसूण, तिखट, जिरं, मीठ आणि शेंगदाण्याचं तेल सुटेपर्यंत मुसळ. विजापुरात स्टेशनाजवळ रुद्रप्पाची खानावळ आहे. तो मूळचा सोलापूरचा. त्याला तिथली चटणी गोड लागेना. त्यानं शिवबाईला सांगून ठेवलं, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी डबा भरून पाहिजे. दानेश्वरी जाण्याआधीपासून शिवबाई महिन्याला एकदा विजापूरला जायचीच. त्यामुळं वीरभद्रप्पांना नको म्हणता येईना. धंदा आहे. आणि बायको एकटी नको म्हणून बरोबर मी. लुटलेल्या घराच्या सोबतीला चोराची आत्या.

मायाप्पानं मला घर सांगितलं होतं. उपली बुरजापासून तिसऱ्या गल्लीत, दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. उपली बुरूज म्हणजे गावाच्या मधोमध उभा असलेला उंच दगडी बुरूज. आदिलशाहीत वर बसून शत्रू कुठून येतोय ते बघायचे. बाहेरच्या अंगानं पायऱ्या गोल फिरत वर जातात, वर दोन लांबलचक तोफा पडल्यात, आणि सगळं विजापूर पायाखाली. लांबून लांबून लोक बघायला येतात. फोटो काढतात, शेंगा खातात, टरफलं तिथंच टाकतात.

कल्पना माझी. मी म्हटलं, "अक्का, उंबरा चढायचा न्हाय म्हणाले. बुरूज चढू नको म्हणाले का?"

ती रस्त्यात थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू शाळेत गेली असतीस तर वकील झाली असतीस, केरा."

"आणि तुझं सगळं शेत खाल्लं असतं. चल."

पायऱ्या सत्तरएक असतील, पण दगड असे मोठे की एकेक पायरी दोन पायऱ्यांची. शिवबाई जाड बांध्याची. चटणीचा डबा खाली ठेवायला तयार नाही, तो डोक्यावर. वर पोचलो तेव्हा दोघींची बोलायची सोय नव्हती. मी मायाप्पाला अकराची वेळ कळवून ठेवली होती. शिवबाईला हे सांगितलं नव्हतं, कारण निरोप पाठवणं म्हणजे आडून बोलणंच असं तिचं म्हणणं. मी बोट दाखवलं. निळी टाकी, तिच्या डाव्या बाजूची गच्ची.

दानेश्वरी उभी होती. पिवळी साडी. हातात वाळत घालायचं काहीतरी धरलेलं, घालत नव्हती.

शिवबाईनं डबा तोफेवर ठेवला. पदर नीट केला, जशी काही लेकच तपासायला येणार आहे. मग नुसती बघत राहिली. अर्धा तास. शाळेची पोरं आली, ओरडली, गेली. ती हलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "वाळली."

"एवढ्या लांबनं कळलं?"

"साडी किती वेढे गुंडाळून खोचली ते दिसतं की."

त्यानंतर महिन्याचा पहिला गुरुवार ठरून गेला. आधी बुरूज, मग रुद्रप्पा, मग परतीची गाडी. रुद्रप्पाकडं डब्याबरोबर एक लहान पुडी जास्तीची असायची. ती संध्याकाळी मायाप्पा घेऊन जायचा. पुडी कुणाची हे कुणी बोलायचं नाही. चटणीला तोंड नसतं म्हणून ती शपथेत येत नाही, हीही माझीच वकिली. विजापूरला जाऊन लोक गोल घुमट बघतात. तिथं एक शब्द बोलला की सात वेळा परत येतो म्हणे. मी एकदा म्हटलं, जाऊ या की. शिवबाई म्हणाली, "मला एकच जड झालाय, सात कुटं ठेवू?"

वीरभद्रप्पांना ठाऊक नव्हतं असं समजू नका. गुरुवारी संध्याकाळी आम्ही परत आलो की ते ओसरीवर पेपर उघडून बसलेले असायचे. पेपर सकाळचाच. पेपराच्या आडून विचारायचे, "विजापुरात ऊन लई हाय का?"

"हाय," शिवबाई म्हणायची.

"गच्च्या तापत असतील."

"तापतात की."

मग पेपराचं पान उलटल्याचा आवाज. मी भिंतीअलीकडं दात खात बसायची. एक शब्द, तीन अक्षरं. सोमवारी तासतास गळा काढून गातो हा माणूस, आणि घरात तीन अक्षरं निघत नाहीत. शिवबाईला म्हटलं, "तू विचार की." ती म्हणाली, "मागून सोडवलेली शपथ अर्धीच सुटती. त्यांच्या मनातनं येऊ दे." दोघं एकमेकांची वाट बघत बसले. नवरा-बायको दोघंही मानी असले की घरात भांडी फार वाजत नाहीत, पण चूलही नीट पेटत नाही.

*

दानेश्वरीला उशिरा मूल झालं. मुलगी, ऋतुजा. पहिल्यांदा गच्चीवर आणली तेव्हा दुपट्यात होती, आम्हाला फक्त गाठोडं दिसलं. शिवबाईनं बुरजावरून त्या गाठोड्याची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या ओवाळून तोफेच्या तोंडात टाकल्या. एक पोरगा फोटो काढत होता, त्याला म्हणाली, "हसतोस काय? तुझ्या आईनं काढली नसती तर एवढा झाला असतास का?"

ऋतुजा दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. त्या गच्चीला कठडा नव्हता. मालकाला वर मजला चढवायचा होता, म्हणून नुसत्या लोखंडी सळया वर काढून ठेवलेल्या. दानेश्वरी आमच्याकडं तोंड करून उभी होती, आणि पोरगी तिच्या मागं. एक पोपट की कावळा, काहीतरी त्या टोकाला बसलं होतं. पोर त्याच्याकडं निघाली. दुडूदुडू. दानेश्वरीची पाठ. तिला काही दिसत नव्हतं, ती तिच्या आईकडं बघत होती.

माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. माझ्यावर कुणाची शपथ नव्हती, तरी फुटेना.

"दानेऽऽ!"

शिवबाईचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. वारा तिकडंच वाहत होता. दानेश्वरी दचकली, बुरजावर हात मागं मागं हलताना तिला दिसला असेल, आणि वळून धावली. पोरगी सळयांपाशी होती. झग्याला धरून ओढली. मग पोरीला छातीशी धरून तशीच खाली बसली.

शिवबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं. तोफेला टेकून ती दगडावर बसली.

"केरा, मी हाक मारली."

"मग काय पोर पडू द्यायची व्हती?"

"हाकच मारायची न्हवती."

"अक्का, देवाला डोळे हायत का न्हाईत? एक शब्द गेला, एक जीव वाचला. एवढं त्याला कळत नसंल तर कशाला रोज पाणी घालतीस?"

गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. त्या संध्याकाळी वीरभद्रप्पांनी उन्हाचं विचारलं. ती डबा घेऊन सरळ आत गेली.

नवव्या दिवशी वीरभद्रप्पा दुकानात सुताच्या गाठींमध्ये कोसळले. उजवं अंग गेलं. आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाला, बीपी होता, गोळ्या घेत नव्हते, असं होतं. शिवबाईनं डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्याला काय ठाव." पुढं मी किती समजावलं. ज्या गोळ्या त्यांनी न घेता चोरून गादीखाली ठेवल्या होत्या त्या तिच्या हातात आणून दिल्या. ती म्हणाली, "शपथ मोडली तर मरण म्हणाले व्हते. मी एकच शब्द बोलले, म्हणून त्यांची फक्त वाचा गेली. देवानं मापानं घेतलं."

आता असं मोजणाऱ्या बाईला काय सांगणार?

*

चौथ्या दिवशी त्यांना घरी आणलं आणि दानेश्वरी आली. मीच कळवलं होतं. पोरगी कडेवर, मायाप्पा गल्लीच्या तोंडाशी थांबलेला. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "अप्पा," म्हणाली.

खाटेवरून वीरभद्रप्पांनी बघितलं. डावा हात उचलला. तो लेकीकडं लांबवला. तोंड उघडलं. गल्लीतल्या आम्ही पाच-सहा बायका तिथं. ओठ हलले, मान ताठ झाली, गळ्यातली शीर फुगली. शब्द आला नाही. डाव्या डोळ्यातून पाणी आणि ओठाच्या कडेनं लाळ, एवढंच आलं.

मी ओरडले, "झालं की! सुटली! सगळ्यांनी बघितलं!"

शिवबाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "पाणी मागत्यात," म्हणाली.

वाटी तोंडाला लावली. त्यांनी डाव्या हातानं वाटी बाजूला सारली.

"बघ, पाणी नको त्यांना!"

"गार हाय म्हणून."

"शिवाक्का, तुझ्या पाया पडते—"

"केरा, शपथ त्यांनी मनानं घातली न्हवती. तोंडानं घातली व्हती. तोंडानंच सुटाय पायजे."

दुसऱ्या दिवशी मी नातवाची पाटी घेऊन गेले. लिहा म्हटलं. त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली, वर बघितलं, खाली बघितलं आणि एक रेघ ओढली. ती वाकडी होत होत पाटीच्या लाकडावर गेली. पुन्हा एक ओढली. तिसऱ्यांदा पेन्सिल मोडली. शिवबाईनं पाटी घेतली आणि पदरानं पुसून मला परत दिली. "दमवू नकोस त्यांना," म्हणाली.

दानेश्वरी दोन दिवस राहिली. शिवबाईनं तिला गरम भाकरी वाढली, वर लोणी. तिच्यामागं बसून तिची वेणी घातली, तिशी ओलांडलेल्या बाईची, लाल रिबिनीची. एक शब्द नाही. दानेश्वरी रडत होती आणि शिवबाई तिचं डोकं दोन्ही हातांनी सरळ धरत होती, भांग वाकडा होऊ नये म्हणून.

नातीची शपथ कुणी घातली नव्हती. तिला शिवबाईनं विचारलं, "ऊट आयतेनु?" जेवलीस का, एवढंच. पोरीनं मान हलवली. पुढं काही विचारायला गेली आणि थांबली. मला नंतर म्हणाली, "तिच्याशी बोलले असते तर मधेच आईशी बोलले असते. तोंडावर इस्वास न्हाई माझा."

सात वर्षं वीरभद्रप्पा खाटेवर होते. या सात वर्षांत पहिला गुरुवार चुकला तो करोनात गाड्या बंद होत्या तेवढे महिनेच. त्यांच्याजवळ मी माझ्या सुनेला बसवून जायची. निघताना ते डावा हात उचलायचे, तोंड उघडायचे. शिवबाई पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायची आणि निघायची. त्या तांब्यातलं पाणी संध्याकाळी तसंच असायचं. मी दर खेपेला बघायची. ती बघायची नाही.

*

ते लिंगैक्य झाले तेव्हा मठातले स्वामी आले होते. माती देऊन आल्यावर मी सगळ्यांसमोर विषय काढला. स्वामी म्हणाले, "माणूस गेला, त्याची शपथ गेली. शिवबाई, आता लेकीला जवळ घ्या."

शिवबाई म्हणाली, "गेले म्हणजे आता सोडणारं कुणी न्हाय, स्वामी. एका हाकंनं नवरा मुका झाला. दुसरीनं लेकीला काय झालं तर? तुमी जामीन ऱ्हाता?"

स्वामी जामीन राहिले नाहीत. स्वामी असले म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या लेकीवर कोण पैज लावतं?

दानेश्वरी दहा दिवस होती. जाताना आईसमोर उकिडवी बसली. "अव्वा, तुला वाटतं मी तुला बघते. तिथनं तू दिसत न्हाईस गं. ठिपका दिसतो. हिरवा असला तर म्हणायचं आई. एकदा दुसऱ्याच बाईला अर्धा तास हात करत व्हते मी. ती बया परत हात करत व्हती." हसली आणि हसता हसता आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "मला ठिपका नको. ये की माझ्याकडं."

शिवबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मान हलवली नाही, नाही म्हणायलासुद्धा.

पुढं दोन वर्षं तसंच. शिवबाईच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाला, जिना चढायचा नाही. जिना चढायचा नाही म्हणाला, बुरजाचं म्हणाला नाही, असं आता ती मलाच ऐकवायला लागली. माझी वकिली माझ्याच गळ्यात. मी दानेश्वरीला फोनवर सांगून टाकलं. ती म्हणाली, "मावशी, फोन तिच्या कानाला लाव."

मी लावला. दानेश्वरी एवढ्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. "अव्वा, या गुरुवारी मी गच्चीवर यायची न्हाय. तू बुरूज चढायचा न्हाईस. घरी ये. दार उघडं ठेवती. बोलू नकोस, नुसती आत येऊन बस. ऋतुजाला शाळेत पाठवत न्हाय. जेवून जा."

शिवबाईनं फोन माझ्या हातात दिला आणि उखळाकडं गेली. त्या दिवशी तिनं लसूण दोनदा घातला.

ती गेली त्या गुरुवारनंतरच्या रविवारी पहाटे, झोपेत. मीच बघितलं पहिल्यांदा, मुसळाचा आवाज आला नाही म्हणून. दानेश्वरी दुपारी पोचली. या खेपेला तिला कुणी अडवणारं नव्हतं, उत्तर देणारंही. आईला बसवून, हार घालून ठेवलं होतं, त्यांच्यात तसंच नेतात. ती जवळ बसली आणि मला म्हणाली, "मावशी, गुरुवारी मी सैपाकघरात बसले व्हते. तीन ताटं घेतली व्हती. दार उघडं. गल्लीत कुणी थांबल्यासारखं वाटलं मला. बाहेर येऊन बघावं वाटलं. म्हणलं, मी दिसले तर ती माघारी पळंल. म्हणून हलले न्हाई." मग मला विचारलं, "तुमी आला व्हता का गल्लीत?"

मी हो म्हटलं. खोटं बोलून कुणाचं भलं झालंय. तिला सांगितलं ते इथंही सांगते.

*

गुरुवारी सकाळची गाडी. शिवबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, "आज बुरूज न्हाय, अक्का. सरळ घरी." ती म्हणाली, "बघू की."

स्टेशनावरून रिक्षा केली, आणि ती बुरजापाशीच थांबवली तिनं. मी खाली बसले, माझे गुडघे माझ्या ऐकण्यातले राहिले नाहीत. तिला म्हटलं, चढू नको. ती चढली. दर फेरीला दिसायची, मग नाहीशी व्हायची, मग पुन्हा वरच्या पायरीवर दिसायची, पहिल्यापेक्षा हळू. वर गेल्यावर बराच वेळ दिसली नाही. मग कडेला आली. मी हात केला. तिनं केला नाही, तिचं तोंड तिसऱ्या गल्लीकडं होतं.

उतरून आली तेव्हा ओठ निळसर. पाणी दिलं. म्हणाली, "आली न्हाई."

"म्हणाली व्हती की येणार न्हाई म्हणून. घरात बसलीय वाट बघत. चल."

"भाकऱ्या थापत असंल."

"व्हय. तुझ्यासाठी. चल."

आणि ती चालायला लागली. मला वाटलं, जमलं. पहिली गल्ली, दुसरी, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आलो. पाचवं दार. उघडं होतं. दारात रांगोळी घातलेली, उंबऱ्याला हळद-कुंकू. आतून तव्याचा वास येत होता. शिवबाई दोन पावलं पुढं गेली. मग आणखी एक. तिचा हात पदराखाली गळ्याशी गेला, चौकटीवर, आणि तिथंच राहिला.

मी मागं उभी. एक हाक मारली असती तर दानेश्वरी धावत बाहेर आली असती, पायाला मिठी घातली असती, मग कशी पळणार होती ही? माझ्यावर शपथ नव्हती. पण मला वाटलं, एवढं आलीय, उरलेलं तिचं तिला जाऊ दे. आणि खरं सांगायचं तर गुडघे फार दुखत होते, आणि गाडी चुकेल याची काळजी होती. एवढ्यासाठी मी गप्प राहिले.

शिवबाई वळली. म्हणाली, "रुद्रप्पा वाट बघत असंल. जेवणाची वेळ झाली त्याच्याकडं."

खानावळीत गर्दी होती. रुद्रप्पानं झाकण उघडून चिमूटभर चटणी जिभेवर टाकली. "अक्का, लसूण जास्त झालाय या खेपेला."

"थंडीचं चांगला असतो. खा गुमान."

"पुढल्या महिन्यात जत्रा हाय, थोडी जास्त आणा."

"आणती की."

तिनं पिशवीतून पुडी काढली, सुतळी सैल झाली होती ती सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि गल्ल्याशेजारच्या फळीवर नेहमीच्या जागी ठेवली. मागच्या खेपेचा रिकामा डबा घेतला, आत हात फिरवून धुतलाय का बघितलं, झाकण लावलं. आणि आम्ही स्टेशनाकडं निघालो.